गालावरचं बदक

ता. ४ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या स्टुडिओतून माझा फोटो आला. फ्रॉक माझा आहे, स्टूल तुमचं आहे, पण मुलगी कोण? माझ्या डाव्या गालावर जन्मापासून असलेलं लालजांभळ्या डागाचं बदक कुठे गेलं? आई म्हणाली, आजोबांनी हौसेने ब्रश फिरवलाय, गिऱ्हाइकांना तसंच आवडतं. मी काय गिऱ्हाईक आहे?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाई त्याच गालावर लेझरचा उजेड मारणार आहेत. बदक हळूहळू फिकट होणार म्हणे. आधी मी तयार होते, आता मुळीच नाही. तुम्हाला फोटोतलीच मुलगी आवडत असेल, तर बदक गेल्यावर लाड तिचे होतील आणि मी बसेन बाजूला. मला खूप वाईट वाटलंय.

लोभ होता तेवढा तरी ठेवा.

तुमची (खरी) भिंगरी

ता. ८ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तुझ्या फोटोची काच पुन्हा काढून बघितली. उभा जन्म लोकांचे डाग, मुरमं नि सुरकुत्या पुसण्यात गेला. तुझा फोटो समोर आला आणि हात आपोआप चालला. चुकलो गं बाई.

पण मी तुझे लाड बदक बघून करतो होय? तू दारातून हाक मारलीस की खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकून फोटो बिघडवतं. तो आवाज कुठल्या उजेडाने फिका होणार? उजेड फक्त कातडीखालच्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर काम करतो. भांडखोरपणाला तो हात लावत नाही, हे मी तुझ्या आईकडून पक्कं करून घेतलंय.

आता एक गुपित. माझ्या नाकावरची चामखीळ घरातल्या एकाही फोटोत नाही. लग्नाच्या फोटोतूनसुद्धा मी ती उडवली, म्हणून तुझी आजी अजून टोमणे मारते. सोबत माझा ताजा फोटो पाठवतोय, चामखिळीसकट. एक प्रत दुकानाच्या काचेतही लावलीय. शेजारचा शिंपी हसून हसून बेजार झालाय.

उजेडाच्या दिवशी हा फोटो खिशात ठेव. राग विरला की कळव.

तुझे चामखीळवाले आजोबा

ता. २० जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. डोळ्यांवर काळाकुट्ट चष्मा, गालावर गार वारा, आणि मग ताणलेलं रबर सोडल्यासारखं चट, चट. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण आई शेजारीच बसलीय.

आता बदकाच्या अंगभर जांभळे ठिपके आलेत. ते काही दिवसांत जातील. अजून बऱ्याच वेळा जायचंय, आणि थोडं बदक कायमचं राहीलही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी चोचीसाठी शब्द टाकून ठेवलाय.

तुमचा फोटो त्यांना दाखवला. नाक नीट निरखून त्यांनी विचारलं, आजोबांना कधी आणतेस? मी सांगितलं, ते नाक आमचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

बाबांनी काढलेला ठिपक्यांचा फोटो पाठवतेय. मोठा करून काचेत तुमच्या शेजारी लावा. ब्रश कपाटात, किल्ली आजीकडे.

लोभ हवा तेवढा वाढवा, गाल आहे तसा ठेवा.

तुमची भिंगरी

ता. क. पहिल्या फोटोतल्या मुलीला सोबत परत पाठवतेय. तिच्या घरचे तिला शोधत असतील.