डाव्या हाताची गाडी

३ मार्च २०२५, सोमवार. सायं. ६

ड्रायव्हिंग टेस्ट. चौथ्यांदा नापास.

आठाचा आकडा काढायचा असतो. वरचा गोल उत्तम काढला. खालच्या गोलात खांब आला. खांब चुकीच्या जागी आहे, हे इन्स्पेक्टरला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, मावशी, खांब मी नोकरीले लागलो तवापासून तिथंच हाय.

मावशी. पस्तीस वर्षे कन्याशाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून.

परतताना हिंमतरावांचे खांदे हलत होते. पोस्टातून रिटायर झाल्यापासून हा नवरा आवाज न करता हसायला शिकला आहे.

४ मार्च. सकाळी ११

कारण सापडले. मी डावखुरी आहे. लहानपणी मास्तरांनी मारून उजव्या हाताला लेखणी लावली, पण भाकरी थापणे, खडू फेकणे, कुलूप उघडणे सगळे डाव्याने. आणि या देशात प्रत्येक गाडीचे स्टीअरिंग उजवीकडे. दोष माझा नाही, रचनेचा आहे.

ठराव: डाव्या स्टीअरिंगची गाडी मिळवणे.

शकूर मिस्त्रीला सांगून आले. जानेफळच्या बसस्टँडमागे त्याचे गॅरेज आहे आणि मी त्याच्याच गाडीवर शिकते. तो बराच वेळ पाना पुसत राहिला. मग म्हणाला, मॅडम, तशी गाडी विलायतेत भेटन. विलायतेत नव्हे, युरोपच्या मुख्य भूमीवर. भूगोल माझा विषय होता. त्याला उभे राहून ऐकायला लावले.

१६ मार्च, रविवार

शहाण्णव सालच्या दहावीच्या मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप. चार जानेवारीला शेगावला स्नेहमेळावा ठरला. एकूण एकेचाळीस जणी. सगळ्या आता चाळिशीच्या पुढे, बहुतेकींकडे स्वतःची गाडी. त्यांच्यातल्या राखीने विचारले, बाई, तुम्ही कशाने येणार, घ्यायला येऊ का?

यांना मी दहा वर्षे एकच सांगितले: स्वतःचे वाहन स्वतः चालवा, कोणाच्या मागे बसू नका.

लिहिले: "मी स्वतः चालवत येईन." एकेचाळीस अंगठे आले. आता मागे फिरणे नाही.

२३ मार्च

धम्मदीपशी बोलले. माझा भाचा, बेल्जियममध्ये असतो. त्याच्या घरमालकाच्या शेडमध्ये एकाहत्तर सालची गाडी पडून आहे. पिवळी, छोटी. नवी डाव्या स्टीअरिंगची गाडी आपल्याकडे आणता येत नाही, पण पन्नास वर्षांवरची जुनी आणता येते, असे तो म्हणाला. मावशी, नीट विचार कर, असेही म्हणाला. विचार चार तारखेलाच झाला आहे.

२ एप्रिल

गाडी आणण्याच्या कस्टम ड्यूटीचा आकडा इथे लिहीत नाही. मेहकर रोडचा प्लॉट विकला. हिंमतराव म्हणाले, प्लॉट रस्त्याच्या उजव्या हाताले होता म्हनून इकला काय.

१७ जून

बंदरावरच्या एजंटने सहीसाठी कागद पाठवले. इंग्रजी भयंकर. आठ ठिकाणी 'द' हे आर्टिकल नाही. लाल पेनने दुरुस्त करून, सही करून, कुरिअर केले. खाली 'पाहिले' असा शेराही दिला.

३० जून

कागद परत आले. खाडाखोड चालत नाही म्हणे. खाडाखोड नव्हे, दुरुस्ती. एजंटला फोनवर फरक समजावला. तो म्हणाला, मॅडम, जहाज निघालंय, तुम्ही फक्त सही करा.

पुन्हा सह्या केल्या. 'द' नसलेल्या कागदावर. मनाविरुद्ध.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गाडी आली. ट्रेलरवरून उतरवताना निम्मे जानेफळ हजर. शेजारच्या तानाबाईंनी आत वाकून पाहिले आणि म्हणाल्या, बाई, फॅक्टरीवाल्यायनं चुकून उलटी बनवली वाटते, तुम्ही घेता वक्ती पायली नाही काय. शकूरने बॉनेट उघडले तर आत डिकी निघाली. इंजिन मागे. तानाबाई म्हणाल्या, घ्या, हेबी उलटंच.

मी डावीकडे बसले. स्टीअरिंग समोर. आयुष्यात प्रथमच सगळे जागेवर वाटले.

३० ऑगस्ट

शाळेच्या मैदानात पहिला सराव. शकूर उजवीकडे बसला. गिअर टाका म्हणाला. डावा हात खाली नेला. तिथे दरवाजा.

गिअर उजव्या हाताला आहे.

शकूर खाली बघत म्हणाला, मॅडम, राग नका मानू, पन आपल्या देशी गाडीत गिअर डाव्याच हाताले रायते. डावखुऱ्या मानसाले तेच सोयीचं. तुमाले मी मार्चमंदीच सांगनार होतो, पन तुमी युरोप शिकवून राहिल्या होत्या.

घरी येऊन विचार केला. हे वरदानच आहे. साठ वर्षे नुसती लेखणी धरलेल्या उजव्या हाताला काम मिळेल. मास्तरांचा अन्याय असा धुऊन निघेल. शकूरला यातले काही कळणार नाही.

९ सप्टेंबर

दरवाजाचे हँडल तुटले. गिअर समजून ओढले. हँडल जुनेच होते.

१४ ऑक्टोबर

व्हिंटेज म्हणून नोंदणीसाठी समितीने गाडी पाहिली. चार साहेब. एक जण सवयीने उजवीकडे बसला आणि स्टीअरिंग शोधू लागला. मला तो माणूस आवडला. गाडी पास.

२१ नोव्हेंबर

नंबर आला. मधोमध VA, म्हणजे व्हिंटेजची खूण. पत्रात शेवटी एक परिच्छेद: ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणावी.

हिंमतरावांनी परिच्छेद दोनदा मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

मी नियम मोडणारी नाही. पण इंधन भरणे किती वेळा, हे लिहिलेले नाही.

२२ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर

रोज सकाळी सातला पेट्रोल पंप. माझे लर्निंग लायसन्स, म्हणून शेजारी हिंमतराव, कारण त्यांच्याकडे पक्के आहे. एका वेळी अर्धा लिटर. पंपावरचा नौमान आता नळीही काढत नाही, बाटलीने ओततो. पाचव्या दिवशी म्हणाला, मॅडम, टाकी भरून घ्या ना, काऊन रोजचा ताप करून राहिल्या.

रस्त्यात लोक हिंमतरावांना नमस्कार करतात. वा पोस्टमास्तर, या वयात गाडी शिकले. उजवीकडे बसलेला तो ड्रायव्हर, अशी लोकांची समजूत. हिंमतराव कोणाचीही चूक दुरुस्त करत नाहीत. काल तर एकाला म्हणाले, हाव, जमून राहिलं हळूहळू.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाचवी टेस्ट. पिवळी गाडी ट्रेलरवर घालून बुलढाण्याला नेली. तोच इन्स्पेक्टर. प्रदर्शनाच्या गाडीत टेस्ट घेणार नाही म्हणाला, साधी गाडी आणा. शकूरची आणली. उजवे स्टीअरिंग.

साडेतीन महिने उजव्या हाताने गिअर टाकायला शिकले होते. उजवा हात खाली नेला. दरवाजा उघडला. दरवाजा खांबाला लागला.

खांब अजून हलवलेला नाही.

२० डिसेंबर

ग्रुपवर राखी: "बाई चालवत येणार, त्या क्षणाचा फोटो मीच काढणार." आणखी चौघींनी कळवले की बाईंचे बघून त्याही ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागल्या आहेत.

सकाळपासून उत्तर लिहिते आहे. चार मसुदे झाले. एकही पाठवला नाही.

२७ डिसेंबर

मार्ग निघाला. मेळाव्याच्या मंडपात गाडीचे प्रदर्शन. नियमात बसते. शकूर ट्रेलर चालवेल. शेगावपर्यंत मी त्याच्या केबिनमध्ये बसेन, फाटकाशी वर चढून स्टीअरिंगवर बसेन. फाटक ते मंडप आवार खासगी आहे. शकूरने विचारले, मॅडम, वर बसून करसान काय. दिशा देईन, असे सांगितले.

४ जानेवारी २०२६, रविवार. दु. ४, शेगाव, लॉज

मेळावा झाला. जेवण चांगले होते.

फाटकाशी वर चढले. हिंमतरावही चढले, सोबत म्हणून, उजवीकडे. मी स्टीअरिंग धरले. खाली ट्रेलर वळला तेव्हा मीही वळवले. मुली दोन्ही बाजूंना उभ्या. गाडी फाटकापर्यंत चालवत आणली आणि मिरवणुकीसाठी ट्रेलरवर चढवली, असा त्यांचा समज. टाळ्या. हिंमतरावांनी हात हलवला.

राखीने फोटो जवळून काढला. त्यात फक्त समोरची काच आणि आम्ही दोघे. खाली तिने लिहिले: "पोस्टमास्तर काकांनी जानेफळहून गाडी चालवत बाईंना सुखरूप आणले. काय कंट्रोल आहे या वयात." अडतीस अंगठे.

दुरुस्ती लिहायला घेतली. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत डावीकडे बसलेली व्यक्ती चालक असते, त्यामुळे गाडी काकांनी चालवली हे विधान चूक आहे. इथपर्यंत लिहिले. पुढचे वाक्य 'गाडी मी चालवली' असे यायला हवे होते.

सगळे खोडले. "धन्यवाद, मुलींनो" पाठवले.

हिंमतराव पलंगावर पडल्या पडल्या अंगठे मोजत आहेत. एकोणचाळीस झाले म्हणतात.