बॅटरी ९२ टक्के

ताई,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून ही चिठ्ठी ठेवतोय. आईला दवाखान्यात ठेवलंय, मी तिचे कागद न्यायला घरी आलोय. सकाळीच लाइन गेली. लाइन गेली की छतावरचे पॅनलही बंद होतात. दुपारी बॅटरी संपली आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. मी दुकानातून तीनदा बॅटरीचं ॲप बघितलं, तिन्ही वेळा ९२ टक्के. निवांत डबा खाल्ला गं मी!

बॅटरी तिलाच पुरावी म्हणून रविवारी मीच राउटर बॅटरीवरून काढला होता. माझा शहाणपणा नडला. लाइनबरोबर नेट गेलं आणि आकडा तिथेच अडकला.

तिचा चष्मा मला सापडला नाही, शोधून घेऊन ये. डोळे उघडलेच तर लागेल.

ॲप बघू नकोस. अजूनही ९२च दाखवतंय.