अंजिराला नेसवलेली साडी

आई, आज अंजीर निजवलं. इथले शेजारी याला ‘विंटराइझ करणं’ म्हणतात, यंत्र बंद करून ठेवावं तसं. मला अजून तुझाच शब्द बरा वाटतो.

तू लावलेलं झाड आता माझ्याहून उंच आहे. पण आमच्या या पिस्कॅटवे गावच्या थंडीला कुणाच्या उंचीचा मुलाहिजा नाही. मागच्या हिवाळ्यात त्याच्या अर्ध्या फांद्या जळाल्या. यंदाही तसंच झालं तर ते पुन्हा उठेल की नाही, एवढीच धास्ती. म्हणून पहिलं दहिवर गोठायच्या आत आम्ही नवरा-बायको कामाला लागलो. त्याने फांद्या जवळ ओढून दोरीने बांधल्या, मी मधल्या पोकळीत वाळलेली पानं दाबून भरली, वरून गोणपाट गुंडाळलं. प्लास्टिकला हातही लावला नाही. कसा लावीन? ती पहिली थंडी अजून डोळ्यांपुढे आहे. मी घाईघाईने काळं प्लास्टिक गुंडाळतेय आणि तू माझाच जाड कोट घालून पायरीवर उभी आहेस. “स्टेजवर स्वातंत्र्यावर तासभर बोलतेस, आणि इथे बिचाऱ्याचं नाक-तोंड बांधतेस?” एवढं बोलून तू आत गेलीस आणि तुझी सुती साडी घेऊन आलीस. भर सभेत मला असं कुणी गप्प केलेलं नाही.

आज गोणपाटावर तीच साडी गुंडाळली. पाऊस आत झिरपू नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घातली आणि पदर तिच्यावरून घेतला. तेवढ्यात नागपूरहून इथे शिकायला आलेली एक मुलगी जेवायला आली. अंधारून आलं होतं. मी गराजच्या दारात उभी, पण ती थेट अंजिरापाशी जाऊन म्हणाली, “नमस्कार काकू! एवढ्या थंडीत बाहेर काय उभ्या? आत चला ना!”

“मॉम, शी इज टॉकिंग टू द ट्री!” लेक खिडकीतून ओरडली.

पोरगी लाजून लाल. “अय्या, सॉरी काकू! म्हणजे... दोन्ही काकूंना सॉरी.” नवरा हसून हसून पायरीवरच बसला.

झाडा-दगडांत माणसं पाहणाऱ्यांवर मी भाषणांतून किती तोफा डागल्यात, तुला ठाऊक आहे. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तू गेल्यावर हे पत्र टाकायला कुठे पेटी उरलेली नाही, हेही मला कळतं. फक्त सगळे जेवायला आत गेल्यावर मी मागे राहिले, पदर जरा पुढे ओढला आणि बादलीपाशी वाकून हळूच विचारलं, “एप्रिलमध्ये उठशील ना गं?”

अंजिराला कुणी ‘गं’ म्हणतं का, आई?