खालच्या ओळीतली सही

प्रिय तनया,

तीन दिवस तुझे फोन वाजून वाजून बंद झाले आणि मी उचलले नाहीत. तब्येत ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यासारखेच, बोलतात फार. फोन उचलला नाही कारण मला लाज वाटत होती. तुझी ‘मावशी’ ही हाक ऐकली असती तर पुढे बोलणंच झालं नसतं, म्हणून लिहायला बसले. हे वाचून झाल्यावर मला मावशी म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझ्या जन्माची गोष्ट आग्नेसने तुला शंभरदा सांगितली असेल. तुझी आई खोटं बोलत नव्हती, पण तिला अर्धीच गोष्ट माहीत होती. सातव्या महिन्यातलं जुळं, भर दुपारची वेळ, प्रसूतीच्या खोलीत ड्यूटीवर नर्स मी. आधी सायमन आला, निळसर, दोन्ही तळव्यांत मावेल एवढा. मग तू. तेवढीच चिमुकली, पण आल्याआल्या रडून सगळ्यांना कामाला लावलंस. आग्नेसने टेबलावरूनच माझा हात धरला. सिस्टर, फादर पोचेपर्यंत उशीर होईल, तुम्हीच दोघांच्या डोक्यावर पाणी घाला, म्हणाली. मी म्हटलं, अहो, मी गोखल्यांची सून, सकाळी देवपूजा करून ड्यूटीवर येते, माझ्या हातून हे कसं चालेल? तर म्हणाली, जीव जात असेल तर कुणीही घातलेलं चालतं, मनातून द्यायचं असलं की झालं. शब्दही तिनेच दोनदा म्हणून दाखवले.

सायमनच्या डोक्यावर मी वाटीतलं कोमट पाणी तीन वेळा ओतलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते, असं मोठ्याने म्हटलं. तो पाऊण तास जगला. तेवढं खरं आहे, तनया, ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस. मग तुझ्याकडे वळले, तर दारात इनचार्ज बाई उभ्या. माझ्या हातातली वाटी बघून म्हणाल्या, काय गोखलेबाई, ड्यूटी सोडून पौरोहित्य सुरू केलंत का? आया फिसकन हसली. मी वाटी ट्रेमध्ये ठेवून दिली. तू गुलाबी दिसत होतीस, जोरात रडत होतीस. वाटलं, ही तर जगतेय, हिचं चर्चमध्ये रीतसर होईलच की. दोघांचं झालं ना, असं ग्लानीतून जागी झालेल्या आग्नेसने विचारलं तेव्हा सायमनला जाऊन दहा मिनिटं झाली होती. मी हो म्हटलं. त्या बाईला त्या वेळी अर्धं उत्तर द्यायची माझी छाती नव्हती, आणि त्या ‘हो’ची मला आजही फारशी लाज वाटत नाही.

लाज वाटते ती पुढच्याची. चार महिन्यांनी चर्चमध्ये तुझा समारंभ होता. फादरांनी आधी रजिस्टरमध्ये माझी सही घेतली, एकाखाली एक दोन नावं, दोन सह्या. मला पहिल्या बाकावर बसवलं. तुला तेल लावलं, पांढरं वस्त्र घातलं, मेणबत्ती पेटवली. मी पाण्याची वाट बघत होते. पाणी आलंच नाही. शेजारी तुझी आत्या होती, तिला हळूच विचारलं. ती कौतुकाने म्हणाली, ते तुम्हीच दिलंय ना, बाप्तिस्मा जन्मात एकदाच, पुन्हा देत नाहीत. उठून दोन वाक्यं बोलायची होती, फादर दहा पावलांवर होते. पण आग्नेस पाहुण्यांना बोट करून मला दाखवत होती, आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं. सदाशिव पेठेतल्या बाईला गप्प बसणं जमत नाही म्हणतात. मी सत्तावीस वर्षं बसून दाखवलं.

बाप्तिस्मा म्हणजे तुमचं बारसं, अशी माझी आपली समजूत होती. आग्नेसने ती खोडून काढली. म्हणायची, बारशात माणसं नाव ठेवतात, बाप्तिस्म्यात देव आपलं म्हणतो. ते आमच्या घराचं दार आहे, बाकीचं सगळं त्या दारातून आत गेल्यावर. हे ऐकत मी दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला तिच्या हातचा केक खाल्ला. तुझ्या पहिल्या कम्युनियनला, पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायला, तू पांढऱ्या फ्रॉकमध्ये वेदीकडे चालत गेलीस, तेव्हा मी मान खाली घातली. ही दाराबाहेरच आहे आणि ते फक्त मला माहीत आहे, एवढंच डोक्यात होतं. गेल्या वर्षी शेवटच्या दुखण्यात आग्नेस म्हणाली, माझी दोन्ही लेकरं तुझ्या हातून देवाची झाली, आनंदी. मी तिची उशी सारखी केली.

आणि मंगळवारी तू त्या पानाचा फोटो पाठवलास. लग्नासाठी चर्चला बाप्तिस्म्याचा नवा दाखला हवा म्हणून खराडीच्या ऑफिसातून हाफ डे टाकून गेलीस, जुनं रजिस्टर निघालं आणि तू हरखलीस. ते पान फ्रेम करून मला देणार, लग्नात आईच्या खुर्चीवर मला बसवणार, असं लिहिलंस. वरच्या ओळीत सायमन, खालच्या ओळीत तू, दोन्हींपुढे माझं नाव. तनया, वरची सही खरी आहे, खालची खोटी. काल एका दुसऱ्या चर्चमधल्या फादरांना मी नाव न सांगता विचारून आले. म्हणाले, अशा मुलीला आजही बाप्तिस्मा देता येतो, लग्नाआधी द्यायलाच हवा. आणि म्हणाले, एका नर्सच्या गप्प बसण्याने देवाचं प्रेम अडत नाही. ते वाक्य मी स्वतःसाठी ठेवून घेत नाही, तुला पाठवते. हे पत्र तुझ्या फादरांना दाखव. ते म्हणतील तेव्हा मी येईन आणि त्या रजिस्टरसमोर उभी राहून जे झालं ते लिहून देईन. त्यानंतर तुझ्या डोक्यावर पाणी पडेल तेव्हा मला मागच्या बाकावरून बघू दे. नको म्हणालीस तर दाराबाहेर थांबेन. सत्तावीस वर्षं तुला तिथे उभं केलं, आता माझी पाळी.

तुझीच,
आनंदी
(नावापुढचा ‘मावशी’ हा शब्द तुझं उत्तर आल्यावर लिहीन.)