जास्तीची माणसं

प्रिय आप्पा,

टीव्हीवर मला टँकरवर उभी पाहून तुम्ही मनमाडला आत्याला फोन केलात. माणसं बेसुमार वाढली, सरकार तरी कुठे पुरणार, असं म्हणालात म्हणे. हेच मी लहानपणी घोटीच्या बाजारात ऐकलं आहे. कुटुंबनियोजनाच्या शिबिराआधी तुम्ही माईकवर बोलायचात आणि गर्दीत आत्याचा हात धरून मी उभी असायचे.

टीव्हीने अर्धंच दाखवलं. नाशिकच्या त्या मैदानावर आम्ही सरकारी भरतीसाठी पहाटेपासून रांगेत होतो. जागा मूठभर, आणि आम्ही नजर पोचेल तिथपर्यंत. उन्हं चढल्यावर भोंग्यावरून सांगितलं, भरती रद्द. कारण नाही, पुढची तारीख नाही. साहेबांच्या गाड्या मागच्या फाटकाने गेल्या, पाठोपाठ बंदोबस्तही. मग पुढचं फाटक पडलं, मंडप पेटला. पंचवटीच्या अभ्यासिकेत माझ्यासमोर बसणारा भारत लोकांच्या पायांखाली आला. मी तिथल्या पाण्याच्या टँकरवर चढले आणि घसा फोडून ओरडले, “खाली बसा. जो जिथे आहे तिथेच बसा.” आधी मुली बसल्या, मग हळूहळू सगळं मैदान बसलं. वाट झाली, भारतला उचलून नेता आलं. पाय मोडलाय, पण जगला.

इतिहास मीही वाचते, आप्पा. माणसं वाढतात, धान्य महागतं, शिकलेल्यांना खुर्च्या पुरत नाहीत आणि एक दिवस राज्य कोसळतं. पण ते कोसळणं मी त्या मैदानावर डोळ्यांनी पाहिलं. आम्हाला दारात उभं करून आतले पळाले, तिथून सुरुवात झाली.

आता जमाव भडकवल्याचा गुन्हा माझ्यावर आहे. तुम्ही वकिलाकडून माफीनामा लिहून घेऊन पाठवलात. मी सही करणार नाही. कशाची माफी मागू?

दोन पुरेत असं गावोगाव सांगणाऱ्याच्या घरात मी तिसरी झाले. लोक हसतील म्हणून मला आत्याकडे ठेवलंत. सुट्टीत आले की ‘ही माझी भाची’ अशी ओळख करून द्यायचात, आणि मीही चारचौघांत तुम्हाला मामा म्हणायचे. आत्याने काही कमी पडू दिलं नाही, म्हणून कधी विचारलं नाही. पण त्या टँकरवरून मला मैदानभर भाचे-भाच्याच दिसत होत्या. जन्मलेल्या, वाढलेल्या, आणि आपलं म्हणायला कुणीच तयार नसलेल्या.

सोमवारी कोर्टात पूर्ण नाव विचारतील. दाखल्यावर तुमचंच नाव आहे, पण आजवर ते मी मोठ्याने घेतलं नाही. त्या दिवशी घेणार आहे. पेपरात येईल, घोटीत वाचलं जाईल. तुम्हाला ते आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. यायचं असेल तर वडील म्हणून या, माझ्याशेजारी बसा. मामा म्हणून येणार असाल, तर घरीच थांबा.

तुमचीच मुलगी,
हर्षाली