आधी तिचं म्हणणं

बाबा, तुमची नात नर्स झाली आणि तिने भामरागडच्याही पलीकडचं उपकेंद्र स्वतः मागून घेतलं आहे. तेव्हापासून घरात आमचं वाजतंय. खरं सांगायचं तर मी घाबरले आहे. रस्त्यात सुरुंग फुटल्याची बातमी आली की पेपराचं ते पान मी दुमडून ठेवते. तिने वाचू नये म्हणून नाही, मलाच पुन्हा दिसू नये म्हणून.

भांडताना तुमची आठवण येते, कारण आपल्या घरात भांडणसुद्धा धड करता यायचं नाही. मी चुलीपाशी आईशी वांग्याच्या भाजीवरून तोंड वाजवतेय आणि तुम्ही वह्या तपासता तपासता ओसरीवरून विचारताय, "हुज्जत घालून राह्यली काय? अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा. तुह्या पुरावा कुठी आहे?" आई रडकुंडीला यायची. तक्रार केली की म्हणायचात, 'तक्रार' हा शब्दही अरबीतलाच, अर्थ पुन्हापुन्हा करणं. एकदा सांगितलं तेवढं पुरे. वाद हा नुसता 'बोलणं' या धातूतून आलेला साधा शब्द, त्याला भ्यायचं नाही. वितंडेला मात्र भ्यायचं. स्वतःचं काही म्हणणं नाही आणि समोरच्याचं तेवढं खोडत बसायचं, ती वितंडा. त्यावरून मला एकदा जेवणावरून उठवलं होतंत. फार राग आला होता तुमचा.

मग नव्वदच्या सुमाराची ती सकाळ. दसरा झालेला, मी माहेरी आलेली, तुमची ही नात माझ्या कडेवर. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडून धानाला शेवटचं पाणी द्यायचं की मासोळीसाठी राखायचं, यावरून तलावाच्या पाळीवर, बांधावर, गाव जमलंय. एका शेतकऱ्याच्या हातात कुऱ्हाड आहे, समोर तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांचा म्होरक्या तुडुमावर पाय रोवून उभा आहे, आणि तुम्ही दोघांच्या मधे. "गुरुजी, बाजूले व्हा," शेतकरी ओरडतो. तुम्ही हलत नाही. "होतो. पण आधी याचं म्हणणं तू सांग. तो हो म्हणन, तवा तुह्यं सांग." वर्गातला तुमचा नियम! मला वाटलं, आता बाबा जातात. शेवटी शेतकरी खाली बघत म्हणाला, "पाणी गेलं त मासोळी मरन. मंग याचे लेकरं काय खातीन?" ढिवर म्हणाला, "हो." मग त्यालाही बोलावंच लागलं, "धान लोंबीवर आलं आहे. आता पाणी नाई भेटलं त याच्या घरी दाण्याच्या जागी तणीसच येईन." भांडण काही मिटलं नाही, पुढे आठवडाभर चाललं. पण कुऱ्हाड खाली आली. घरी येऊन तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि आईला म्हणालात, "भेव त मलेही वाटलं."

ही गोष्ट मीच तुमच्या नातीला शंभरदा सांगितली. आता भोगतेय. परवा मी तिचं एकेक वाक्य खोडत होते, तिथे वीज नाही, मलेरिया आहे, सोबत कोणी नाही. ती शांतपणे म्हणाली, "आई, आबाचा नियम आहे न? आधी माह्यं म्हणणं तू सांग. मी हो म्हणन, मंग तुह्यं." मी कुकर लावायच्या निमित्ताने उठून आत गेले. माझ्याजवळ पुरावा नाही, बाबा, नुसतं भेव आहे. अजून ती वाट बघतेय आणि मी तिला टाळतेय.

तुम्ही आता नाही, हे कागद टपालात टाकायचे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. तिचं म्हणणं मला पाठ आहे. अडलेल्या बाईला खाटेवर टाकून जंगलातून आणतात, कधी ती वाटेतच जाते, आणि तिथे कोणीतरी असायला हवं. मला हे तिच्यापेक्षा चांगलं सांगता येईल. पण मोठ्याने सांगितलं तर मलाच पटेल, आणि मग तिची बॅग मलाच भरून द्यावी लागेल.