कॉनी ब्रॅम्हॉल या नावाची व्यवस्था

मी, ऑड्री स्लेटर, जिला हा देश कॉनी ब्रॅम्हॉल म्हणून ओळखतो, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय अभिनय (रंगभूमी व दूरचित्रवाणी), राहणार ११, स्पिनर्स टेरेस, हॅलिफॅक्स, परगणा यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या गुडघ्याबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण कायद्याला गुडघ्याशी कर्तव्य नाही असे माझे वकील श्री. प्रॅट सांगतात. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून पाहावा. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले माझा जोडीदार लेन जिवंत असताना केले होते आणि दुसरे रागाच्या भरात.

कलम १. अंमलबजावणीचे काम माझ्या भावाची मुलगी ग्लेनिस आणि श्री. प्रॅट यांनी मिळून पाहावे. ग्लेनिसला कागद कळतात आणि प्रॅट ग्लेनिसला घाबरतात, त्यामुळे काम वेळेत होईल.

कलम २. राहते घर ग्लेनिसला. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. जिन्यातले फोटो उतरवताना मात्र "ही कोण, तो कोण" करत बसू नये. प्रत्येकाच्या मागे नाव लिहिले आहे. ज्यांच्या मागे नाही, त्यांचे मी मुद्दामच लिहिलेले नाही.

कलम ३. लेन गॉन्टची हत्यारपेटी. लेन आणि मी एकतीस वर्षे लग्न न करता एका घरात राहिलो आणि चांगले राहिलो. तो आमच्या थिएटरचा सुतार. रागारागाने आपटून निघून जायची दारे मी आयुष्यात पुष्कळ आपटली, ती सगळी त्याने बसवलेली होती, आणि एकही कधी अडकले नाही. ही पेटी थिएटरच्या सुतारकामाच्या खोलीला द्यावी. काचेच्या कपाटात ठेवू नये, वापरावी. रंधा ओल्या लाकडावर चालवणाऱ्याच्या हाती देऊ नये.

कलम ४. बँकेत जे काही असेल त्याचे दोन भाग करून एक ग्लेनिसला आणि एक वृद्ध कलावंतांच्या आश्रमाला द्यावा. आश्रमाने आधी पियानो सुरात लावून घ्यावा. मागच्या नाताळात मी तिथे गायले तेव्हा मीच बेसूर आहे असा लोकांचा समज झाला.

कलम ५. 'टॅनरी रो' या मालिकेत मी पंचवीस वर्षे बेरिल नावाची लाँड्रीवाली केली. आठवड्यातून दोनदा लोकांच्या ऐन चहाच्या वेळी मी त्यांच्या घरात जाऊन भांडत असे, आणि लोकांना ते आवडत असे. २००४ साली बेरिलला मारायचे ठरले. निर्मात्याने मला सांगितले नाही. कपडेपटातली बाई मापाची टेप घेऊन आली आणि म्हणाली, "शवपेटीत निळा ड्रेस चालेल ना?" मी विचारले, "कोणाच्या?" ती बिचारी रडायलाच लागली. भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात मटणवाल्याने माझा हात हातात घेऊन माझ्याच मरणाबद्दल माझे सांत्वन केले आणि दोन चॉप जास्त घातले. ते मी घेतले. सदर निर्माते श्री. रूपर्ट फेन यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही, आणि काही देत नाही हे त्यांना रजिस्टर टपालाने कळवावे.

कलम ६. माझा मेकअपचा डबा कोणालाही देऊ नये. त्यातला रंग १९८३ सालचा आहे, कोणाच्या तरी तोंडाला पुरळ उठेल.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. हे कलम मी तीन आठवडे लिहिते आहे आणि खोडते आहे, म्हणून ते लांबले तर प्रॅट यांनी सुस्कारे टाकू नयेत.

आमच्या नटांच्या संघटनेचा नियम आहे की एका नावाचे दोन सभासद असू नयेत. आधी आला त्याचे नाव. मागून येणाऱ्याने, ते आईबापांनी ठेवलेले का असेना, दुसरे शोधायचे. १९६८ साली मी बावीस वर्षांची होते, हॅलिफॅक्सच्या थिएटरात नुकती लागले होते. दर सोमवारी नवे नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा प्रयोग. मी मिसेस कॉनी ब्रॅम्हॉल यांच्याकडे भाड्याने राहत होते. विधवा, दर रविवारी चॅपलला जाणारी, आणि तरीही नटांना खोल्या देणारी बाई. पेस्ट्रीचे पीठ मळता मळता ती माझे पाठांतर घ्यायची. चुकले की लाटणे टेबलावर आपटायची.

सभासदाचे कार्ड काढायला मी मँचेस्टरला गेले. खिडकीतल्या बाईने वही चाळली.

"ऑड्री स्लेटर आहे आधीच. ब्रिस्टलला. दुसरं काय लिहू?"

"दुसरं म्हणजे?"

"नाव गं, नाव. लवकर सांग, मागे रांग आहे."

माझे डोके सुन्न झाले. ज्या बाईने सकाळी माझ्या हातात डबा दिला होता, तिचेच नाव तोंडातून बाहेर पडले. परत आल्यावर तिला सांगायचे असे मी ठरवले होते. धीर झाला नाही.

तीन आठवड्यांनी गावभर जाहिराती लागल्या. नाटक होते 'पाद्रीबुवा पलंगाखाली', आणि खाली ठळक अक्षरांत "परकरातील वधू: कॉनी ब्रॅम्हॉल". चॅपलमधल्या बायकांनी मिसेस ब्रॅम्हॉलना पायरीवरच गाठले. "कॉनी, या वयात?" दुपारच्या प्रयोगाआधी ती जाहिरातीची गुंडाळी काखेत मारून थिएटरातल्या माझ्या मेकअपच्या खोलीत आली.

"हे काय आहे?"

"नाव आहे, मिसेस ब्रॅम्हॉल."

"ते मला वाचता येतं. कोणाचं?"

"तुमचं."

"विचारलंस?"

"नाही."

ती कपड्यांच्या टोपलीवर बसली. मग म्हणाली, "माझ्या घरात दुसरं काही नव्हतं का गं न्यायला? चांगले चमचे होते."

मी रडायला लागले.

"रडू नकोस, रंग ओघळेल. घेतलंस ते घेतलंस. पण त्याला बट्टा लावलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि तो परकर जरा खाली ओढ."

त्यानंतर एकतीस वर्षे माझ्या प्रत्येक पहिल्या प्रयोगाला ती शेवटच्या रांगेत बसली. छान झाले असे कधी म्हणाली नाही. "ऐकू आलं," एवढेच म्हणायची. मला कायम ऑड्री म्हणायची; तसे म्हणणारी जगात तीच उरली होती. १९९९ साली ती गेली, तेव्हा वर्तमानपत्रात तिच्या मृत्यूची बातमी वाचून मीच गेले असे समजून लोकांनी माझ्या घरी फुले पाठवली. ती मी तिच्या थडग्यावर नेऊन ठेवली. तिचे नाव मी तिच्याकडून मरणातसुद्धा पुरते काढून घेतले होते, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली.

या फेब्रुवारीत सकाळी अकरा वाजता दारात एक सत्तावीस वर्षांची मुलगी उभी. मिसेस ब्रॅम्हॉलच्या मुलाची मुलगी. बापाने आपल्या आईचे नाव ठेवले: कॉनी ब्रॅम्हॉल. मुलगी अभिनयात. संघटनेने तिला सांगितले, नाव घेतलेले आहे. तीन वर्षे ती किट मार्श या नावाने शाळाशाळांतून नाटके करते आहे, आणि आता लीड्सच्या मोठ्या थिएटरने तिला मुख्य काम दिले आहे. जाहिराती एक मे रोजी छापायला जाणार.

मी चहा केला, पार्किन केक कापला.

"मी काही मागायला नाही आले, ऑड्री मावशी," ती म्हणाली. "सांगायला आले."

"काय?"

"मला तुमचा राग येतो. आणि तुमची बेरिल मला भयंकर आवडायची. दोन्ही सांगायचं होतं."

"मी मेले की नाव मोकळं होईल. थांब तेवढी."

"थांबते की. साधारण किती वेळ लागेल?"

चहा माझ्या नाकातून आला. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते. मी तिला सांगितले, नाव मृत्युपत्रात तुझ्या नावे लिहून ठेवते. मला वाटले केवढे औदार्य केले. ती "थँक यू" म्हणाली, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गेली. खिडकीतून पाहिले तर बसथांब्यावर उभी राहून हातवारे करत पाठांतर करत होती आणि एक म्हातारा तिच्यापासून लांब सरकत होता. बापाने दिलेले नाव मिळावे म्हणून हिने माझ्या मरणाची वाट बघायची, आणि मी त्याला भेट म्हणणार. माझी मलाच लाज वाटली.

तरी मी कलम लिहिले. प्रॅट यांनी चष्मा पुसला. "नाव ही मालमत्ता होत नाही, मिस ब्रॅम्हॉल. ते असं देता येत नाही. तुमच्यामागे संघटना ते मोकळं करील, मग जो आधी मागेल त्याचं."

"म्हणजे कोणीही उपटसुंभ?"

"कोणीही. तुम्ही हयातीत सोडलंत आणि तिने त्याच दिवशी मागितलं, तरच खात्री."

इथे मला खरे लिहिले पाहिजे. मी घाबरले. सहा वर्षांनी मला रंगमंचावर काम आले आहे, शेफील्डला, येत्या शरदात. राणीची म्हातारी दाई, अकरा वाक्ये. ते काम कॉनी ब्रॅम्हॉलला आले आहे. मी दिग्दर्शकाला फोन करून विचारले, "ते नाव सोडून मी नुसती ऑड्री राहिले तर?" तो म्हणाला, "ऑड्री कोण?" आणि मग, "मला जरा विचार करू द्या." छप्पन्न वर्षांतला प्रत्येक टीकालेख, प्रत्येक पुष्पगुच्छ, रस्त्यात हाक मारणारा प्रत्येक माणूस त्या नावाचा. ते दिले की उरते कोण? स्लेटरांची थोरली, जिला कोणी रंगमंचावर कधी पाहिलेले नाही. ती अकरा वाक्ये मला हवी होती. अजून हवी आहेत.

खोडाखोडीचा कंटाळा येऊन गेल्या सोमवारी मी संघटनेला फोन केला. एका तरुण बाईने घेतला. ब्रिस्टलच्या ऑड्री स्लेटरची चौकशी केली.

"त्या १९९१ मध्ये वारल्या. नाव मोकळं आहे."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. कोणी मागितलंच नाही. तुम्हाला हवंय का?"

तेहतीस वर्षे माझे स्वतःचे नाव तिथे पडून होते आणि मला एकदाही विचारायचे सुचले नाही. लोकांच्या चमच्यांवर जेवायची सवय झाली की असे होते.

"हवंय," मी म्हणाले.

"या नावाने आधीचा काही अनुभव?"

"या नावाने काहीच नाही."

"हरकत नाही," ती म्हणाली, "सगळ्यांची सुरुवात अशीच होते." तिला मी कोण ते ठाऊक नव्हते. मला कित्येक वर्षांत इतके बरे वाटले नव्हते.

सबब कलम ७ पुढीलप्रमाणे कायम करते: कॉनी ब्रॅम्हॉल या नावाबाबत या मृत्युपत्राने कोणालाही काहीही देण्यात येत नाही, कारण ते देऊन झालेले आहे. मी ते सोडले, तिने त्याच दिवशी मागितले, आणि संघटनेचे पत्र काल आले. त्याच सोमवारपासून ते नाव जिचे आहे तिचे. शेफील्डच्या दिग्दर्शकाचाही फोन आला. विचार करून तो म्हणाला, "लोकांनी ओळखलं नाही तर काय करायचं?" मी म्हणाले, "मग मला अभिनय करावा लागेल." काम माझ्याकडे आहे. जाहिरातीत नाव तळाला, बारीक अक्षरांत येईल. नव्यांचे तसेच येते.

कलम ८. शरदातला तो प्रयोग होण्यापूर्वी मी मेले तर ग्लेनिसने शेफील्डला कळवावे. पण माझा तसा विचार नाही.

साक्षीदारांबाबत: ज्याला या कागदाने काही मिळते त्याची सही चालत नाही. म्हणून ग्लेनिस बाद. शेजारचे श्री. इद्रीस हुसेन यांना मी माझी मोठी चहाची किटली ठेवणार होते. त्यांना विचारले, किटली की सही? त्यांनी सही पत्करली, कारण माझ्या किटलीतला चहा त्यांनी प्यायलेला आहे. दुसरी साक्षीदार लीड्सहून सकाळच्या बसने आली आहे आणि आत्ता टेबलापलीकडे बसून हे उलटे वाचायचा प्रयत्न करते आहे. तिला या कागदाने एक पेनीही मिळत नाही, त्यामुळे तिची सही चोख आहे. ती विचारते आहे, "पूर्ण नाव लिहू? आणि पुढे व्यवसाय?"

मी म्हणाले, "दोन्ही लिही, पोरी. ठळक लिही, शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे."

हॅलिफॅक्स, गुरुवार, दिनांक २५ एप्रिल २०२४, सकाळी साडेअकरा वाजता, एकमेकांच्या समक्ष:

लिहून ठेवणार: ऑड्री स्लेटर, अभिनेत्री

साक्षीदार: इद्रीस हुसेन, निवृत्त बसचालक, १३, स्पिनर्स टेरेस

साक्षीदार: कॉनी ब्रॅम्हॉल, अभिनेत्री